कंपनीचा खरा मालक कोण? देशोदेशीचे कायदे, सोप्या भाषेत



आजचा विषय जरा वेगळा आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तो थेट सापडणार नाही, पण आपल्या मुलांच्या आयुष्यात तो कधीही डोकावू शकतो. माझ्या आयुष्यात तो असा डोकावला.

काही महिन्यांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी शाळेत भेटायला आला. दहावीनंतर बारावी केली, मग एका छोट्या ऑफिसात कामाला लागला. फायली पोचवणं, चहा आणणं, बँकेत जाणं अशी कामं. हातात एक नोटीस घेऊन आला होता. म्हणाला, "बाई, मी दोन कंपन्यांचा डायरेक्टर आहे म्हणे!" आधी मला हसू आलं. नोटीस वाचली तेव्हा ते मावळलं. त्या कंपन्यांनी तीन वर्षं सरकारकडे हिशेबच सादर केले नव्हते आणि जबाबदार म्हणून याचं नाव होतं. साहेबांनी सांगितलं म्हणून त्याने आधार, पॅन दिलं होतं, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला होता, काही कागदांवर सह्या केल्या होत्या. त्याबद्दल पगारावर दरमहा तीन हजार रुपये जास्त मिळत होते.

मी विचारलं, "मग कंपनी खरी कोणाची?" त्याला माहीत नव्हतं. कागदांवर शेअर होते दुसऱ्या एका कंपनीच्या नावावर. त्या कंपनीचे शेअर तिसरीच्या नावावर. माणूस कुठेच दिसेना.

हा 'माणूस कुठेच दिसेना' प्रकार थांबवण्यासाठी जगभर कायदे होत आहेत. ते कसे आहेत, कुठे जमलं, कुठे फसलं, हे आज समजून घेऊ.

आधी थोडी पार्श्वभूमी

मनी लाँडरिंग म्हणजे काळा पैसा धुऊन पांढरा करणं. याचे तीन टप्पे सांगतात. पहिला, गुन्ह्यातून आलेला पैसा बँकेत किंवा धंद्यात शिरवणं. दुसरा, तो इतक्या खात्यांतून आणि कंपन्यांतून फिरवणं की मागचा माग लागू नये. तिसरा, तोच पैसा घर, जमीन, शेअर अशा रूपात 'कमाई' म्हणून परत आणणं.

दुसऱ्या टप्प्यात कंपनी फार उपयोगी पडते. कारण कायद्याच्या नजरेत कंपनी ही स्वतंत्र 'व्यक्ती' असते. ती बँकखातं उघडू शकते, जमीन घेऊ शकते, दुसऱ्या कंपनीची मालकही होऊ शकते. यात वाईट काहीच नाही. धंद्याची जोखीम माणसाच्या घरादारावर येऊ नये म्हणूनच ही सोय झाली. पण याच सोयीच्या आड माणूस लपूही शकतो.

मुलांना सांगताना मी सातबाऱ्याचं उदाहरण देते. सातबारा हे दोन नमुन्यांचं मिळून बनलेलं कागदपत्र. नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे ते कळतं, नमुना बारामध्ये त्या जमिनीत काय पिकतंय त्याची नोंद असते. कंपनीच्या बाबतीत बहुतेक देशांकडे वर्षानुवर्षं फक्त 'सात' होता. नाव कोणाचं ते कळायचं, पण पीक कोणाच्या घरी जातं ते कळायचं नाही. पीक ज्याच्या घरी जातं आणि ज्याच्या शब्दावर सगळं चालतं, त्या हाडामांसाच्या माणसाला कायद्यात 'बेनिफिशियल ओनर' म्हणतात. आपण त्याला 'खरा मालक' म्हणू.

खरा मालक लपला की काय होतं, याचं एक उदाहरण मलेशियातलं. तिथल्या '१एमडीबी' या सरकारी निधीतून अब्जावधी डॉलर गेले. अबू धाबीच्या सरकारी समूहात 'आबार इन्व्हेस्टमेंट्स पीजेएस' नावाची एक खरी कंपनी होती. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या म्हणण्यानुसार, जवळजवळ त्याच नावाची, शेवटी फक्त 'लिमिटेड' जोडलेली दुसरी कंपनी ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर काढली गेली आणि एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम तिच्या खात्यात वळवली गेली. नाव ओळखीचं, मालक वेगळा. हे पैसे मलेशियाच्या जनतेचे होते. तेव्हाचे पंतप्रधान नजीब रझाक यांना पुढे तुरुंगात जावं लागलं.

मग एप्रिल २०१६ मध्ये पनामा पेपर्स बाहेर आले. एकाच कायदेसल्लागार संस्थेची सुमारे १ कोटी १५ लाख कागदपत्रं आणि दोन लाखांहून अधिक कंपन्या व ट्रस्टची माहिती. परदेशात कंपनी काढणं हा गुन्हा नाही, पण मालकी किती सहज झाकता येते हे सगळ्या जगाने पाहिलं.

तुलना करायची तर चार प्रश्न विचारा

कोणत्याही देशाचा कायदा समजून घेताना मी हे चार प्रश्न फळ्यावर लिहिते.

१. खरा मालक कोणाला म्हणायचं? (किती टक्के?)
२. माहिती कुठे जमा होते?
३. ती कोण पाहू शकतं?
४. ती खरी आहे का, हे कोण तपासतं?

एफएटीएफ ही मनी लाँडरिंगविरुद्ध नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९८९ मध्ये स्थापन झाली. भारत २०१० पासून तिचा सदस्य आहे. तिच्या ४० शिफारशींपैकी २४ वी कंपन्यांच्या खऱ्या मालकांबद्दल आहे, २५ वी ट्रस्टसारख्या व्यवस्थांबद्दल. मार्च २०२२ मध्ये २४ वी शिफारस कडक केली गेली. टक्केवारीची मर्यादा ठेवायची तर ती २५ च्या वर नसावी आणि माहिती पुरेशी, अचूक व ताजी असावी, असं त्यात आहे. पण ही माहिती सर्वांसाठी खुली करा, अशी सक्ती एफएटीएफ करत नाही. त्यामुळे प्रत्येक देशाचा रस्ता वेगळा झाला.

ब्रिटन: दार उघडं, पण दारावर कोणी नाही

ब्रिटनने २०१६ मध्ये 'महत्त्वाचं नियंत्रण असलेल्या व्यक्तीं'चं नोंदणीपुस्तक सुरू केलं. २५ टक्क्यांहून जास्त शेअर किंवा मताधिकार, किंवा बहुसंख्य संचालक नेमण्या-काढण्याचा अधिकार, किंवा इतर मार्गाने मोठा प्रभाव असेल तर नाव द्यायचं. आणि ते कोणालाही, जगात कुठूनही, फुकट पाहता येतं. कौतुकाची गोष्ट.

पण चौथ्या प्रश्नावर गाडी अडली. कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या 'कंपनीज हाउस'ला दिलेली माहिती तपासण्याचा अधिकारच जवळपास नव्हता. १२ पौंडांत ऑनलाइन कंपनी निघायची. ही ढिलाई दाखवून देण्यासाठी एका गृहस्थाने चक्क तेव्हाचे मंत्री व्हिन्स केबल यांच्या नावाने कंपनी काढून दाखवली. गंमत म्हणजे खोटी माहिती दिल्याबद्दल २०१८ मध्ये शिक्षा त्यांनाच झाली! 'ग्लोबल विटनेस' या संस्थेने नोंदी चाळल्या तेव्हा दोन वर्षांखालची बाळंसुद्धा हजारोंच्या संख्येने कंपन्यांची 'नियंत्रक' म्हणून सापडली.

ब्रिटनने यातून धडा घेतला. २०२२ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये जमीनजुमला असलेल्या परदेशी कंपन्यांना खरे मालक जाहीर करणं भाग पाडलं. २०२३ च्या कायद्याने कंपनीज हाउसला माहिती तपासण्याचे, नाकारण्याचे अधिकार दिले. १८ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संचालकांना ओळख पटवल्याशिवाय नेमणूक घेता येत नाही. जुन्यांना टप्प्याटप्प्याने ती पटवायची आहे.

युरोपीय संघ: उघडलेलं दार अर्धं मिटलं

युरोपीय संघाने २०१५ च्या निर्देशाने प्रत्येक सदस्य देशाला मध्यवर्ती नोंदणीपुस्तक करायला सांगितलं आणि २०१८ मध्ये ते जनतेला खुलं करायला लावलं. पण २२ नोव्हेंबर २०२२ रोजी युरोपीय न्यायालयाने लक्झेंबर्गमधल्या खटल्यांत निकाल दिला की, सरसकट सगळ्यांना प्रवेश देणं हा खासगी आयुष्याच्या आणि वैयक्तिक माहितीच्या हक्कावर जास्तीचा घाला आहे. लक्झेंबर्ग, नेदरलँड्स अशा देशांनी लगेच नोंदी बंद केल्या.

इथे दोन्ही बाजू मुलांसमोर ठेवण्यासारख्या आहेत. एखाद्या कुटुंबाची मालमत्ता सगळ्या जगाला दिसली तर खंडणीची, अपहरणाची भीती असू शकते. दुसरीकडे, पनामा पेपर्स उघड केले ते पत्रकारांनी. त्यांनाच दार बंद केलं तर शोध कोण घेणार? २०२४ च्या नव्या नियमांनी मधला मार्ग काढला. पत्रकार, स्वयंसेवी संस्था, संशोधक यांचं 'रास्त कारण' मानून त्यांना प्रवेश मिळावा. २५ टक्के किंवा अधिक ही मर्यादा १० जुलै २०२७ पासून सर्व सदस्य देशांना एकसारखी लागू होईल.

याच संघातला छोटा स्लोव्हाकिया लक्षात ठेवा. त्याने २०१७ पासून सरळ नियम केला: सरकारकडून ठरावीक रकमेच्या वर पैसे, कंत्राट किंवा अनुदान हवं असेल तर खरा मालक जाहीर करा. आणि ते नाव वकील, नोटरी, लेखापरीक्षक, बँक यांच्यापैकी कोणीतरी तपासून, जबाबदारी घेऊन नोंदवायचं. शेजारच्या चेक प्रजासत्ताकाचे तेव्हाचे पंतप्रधान आंद्रेज बाबिश यांनी आपला 'अ‍ॅग्रोफर्ट' उद्योगसमूह ट्रस्टमध्ये ठेवला होता. २०१८ मध्ये स्लोव्हाक नोंदीत मात्र त्याचे लाभार्थी म्हणून त्यांचंच नाव दिसलं. घरच्या नोंदीत जे दिसलं नाही ते शेजाऱ्याच्या नोंदीत सापडलं!

अमेरिका: कायदा आला आणि आक्रसला

अमेरिकेत कंपनीची नोंदणी राज्यं करतात. डेलावेअर राज्यात माणसांपेक्षा कंपन्या जास्त आहेत, आणि कंपनी काढताना खरा मालक सांगावा लागत नाही. हे बदलण्यासाठी २०२१ च्या सुरुवातीला 'कॉर्पोरेट ट्रान्स्परन्सी अ‍ॅक्ट' झाला. २५ टक्के मालकी किंवा ठोस नियंत्रण असलेल्यांची नावं अर्थखात्याच्या 'फिनसेन' या विभागाला द्यायची. जनतेला ती दिसणार नव्हती, फक्त तपासयंत्रणा आणि काही प्रमाणात बँकांना मिळणार होती.

१ जानेवारी २०२४ पासून अंमल सुरू झाला. लगेच कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या, स्थगित्या आल्या, उठल्या. आणि मार्च २०२५ मध्ये अर्थखात्याने नियमच बदलला. अमेरिकेत स्थापन झालेल्या कंपन्यांना पूर्ण सूट, आता फक्त तिथे नोंदणी करून धंदा करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी माहिती द्यायची. कायदा पुस्तकात आहे, पण ज्यांच्यासाठी केला त्यातले बहुतेक बाहेर पडले.

भारत: मर्यादा कडक, खिडकी लहान

आता आपल्याकडे. कंपनी कायदा २०१३ चं कलम ९० आणि २०१८ चे नियम (२०१९ मध्ये सुधारलेले) यांत खऱ्या मालकाला 'सिग्निफिकंट बेनिफिशियल ओनर' म्हटलं आहे. मर्यादा फक्त १० टक्के, म्हणजे ब्रिटन, युरोपपेक्षा कडक. अशा व्यक्तीने ३० दिवसांत बेन-१ फॉर्म कंपनीला द्यायचा. कंपनीने पुढच्या ३० दिवसांत बेन-२ निबंधकाकडे भरायचा. कंपनीला स्वतःहून विचारणाही करावी लागते आणि उत्तर मिळालं नाही तर ती राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाऊन त्या शेअरवरचे हक्क रोखून मागू शकते. जाणूनबुजून खोटं सांगितलं तर फसवणुकीचं कलम लागतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर फक्त टक्क्यांत नाही, हेही दिसलं आहे. मे २०२४ मध्ये दिल्ली-हरियाणाच्या कंपनी निबंधकांनी लिंक्डइन इंडिया आणि मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला यांच्यासह काहींवर कलम ९० खाली दंडाचा आदेश काढला. हे काळ्या पैशाचं प्रकरण नव्हतं. मुद्दा एवढाच होता की, नियंत्रण असेल तर नोंद हवी.

दुसरी बाजू बँकांची. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा (२००२, अंमल २००५ पासून) बँकांना ग्राहकामागचा खरा माणूस ओळखायला सांगतो. मार्च २०२३ मध्ये तिथेही कंपन्यांसाठीची मर्यादा २५ वरून १० टक्क्यांवर आली. केवायसीच्या फॉर्ममध्ये 'बेनिफिशियल ओनर' हा रकाना दिसतो तो यामुळे.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र आपण मागे आहोत. कंपनीतली ही नोंदवही फी भरून पाहण्याचा हक्क कायद्याने दिलाय तो कंपनीच्या सभासदांना. ब्रिटनसारखं, कोणीही घरबसल्या फुकट शोधावं असं पुस्तक आपल्याकडे नाही. आणि चौथा प्रश्न? तो आपल्याकडेही सगळ्यात अवघड आहे. २०१७ मध्ये सरकारने हिशेब न भरणाऱ्या सुमारे सव्वादोन लाख कंपन्या नोंदीतून काढल्या, तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरवले. त्यात खरे मालक किती आणि माझ्या विद्यार्थ्यासारखे सह्या करणारे किती, हे नुसत्या यादीवरून कळत नाही.

वर्गात घेता येईल असं गणित

आठवी-नववीच्या मुलांना टक्केवारी येते. त्यांना हे द्या.

उदाहरण १: अण्णांकडे 'पेरू' कंपनीचे ६० टक्के शेअर आहेत. पेरूकडे 'आंबा' कंपनीचे २० टक्के आहेत. आंबाचे खरे मालक म्हणून अण्णांची नोंद होईल का?

मुलं लगेच गुणाकार करतात: ६० टक्क्यांचे २० टक्के म्हणजे १२. पण भारताचा नियम वेगळा आहे. मधल्या कंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा असेल, तर तिचे सगळे शेअर त्या माणसाचे धरायचे. म्हणजे अण्णांचे २० टक्के. १० पेक्षा जास्त, नोंद होणार. ब्रिटनमध्येही बहुमताचाच नियम, पण २० हे २५ च्या आत, म्हणून नोंद नाही. युरोपच्या नव्या नियमात गुणाकाराने १२, म्हणून तिथेही नाही.

उदाहरण २: अण्णांकडे पेरूचे ४५ टक्के आणि पेरूकडे आंबाचे ६० टक्के. आता गुणाकार २७. युरोपच्या नियमात नोंद होणार. पण भारतात आणि ब्रिटनमध्ये पेरूत अण्णांचं बहुमत नाही, म्हणून निव्वळ शेअरच्या हिशेबात ते सुटतात! (पडद्यामागून सूत्रं तेच हलवत असतील तर नियंत्रणाच्या निकषावर पकडता येतील, पण ते सिद्ध करावं लागेल.)

माणूस तोच, शेअर तेच. देश बदलला की उत्तर बदललं. पळवाट म्हणजे काय हे समजवायला याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

मग चांगला कायदा कोणता?

एकाच देशाकडे सगळं नाही. भारताची मर्यादा कडक, ब्रिटनचं पुस्तक खुलं, स्लोव्हाकियाची तपासणी पक्की, आणि खासगीपणाचा प्रश्न युरोपने ऐरणीवर आणला. मला यात चौथा प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो. दहा टक्के काय, एक टक्का मर्यादा ठेवली तरी जर कोणी ड्रायव्हरचं, शिपायाचं, गावाकडच्या भाच्याचं नाव लिहून दिलं आणि ते कोणी तपासलंच नाही, तर आकड्याला काय अर्थ? आपल्याकडे म्हणतात ना, ज्याच्या हाती ससा तो पारधी. इथे उलटं होतं. ससा एकाच्या घरी शिजतो आणि पारधी म्हणून पकडला जातो दुसराच.

मुलांना हे नक्की सांगा

दहावी-बारावीच्या निरोप समारंभात आपण खूप उपदेश करतो. त्यात या चार गोष्टी घाला.

• आधार-पॅनची प्रत दिली तर त्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहा.
• ओटीपी म्हणजे सही. साहेबांनी मागितला तरी विचारा, कशासाठी?
• डिजिटल सही कोणाच्या तरी कपाटात ठेवायला देऊ नका. संचालक होण्याच्या ऑनलाइन कागदपत्रांना ती लागते.
• "काही करायचं नाही, नुसतं नाव हवंय" असं कोणी म्हणालं की तिथून निघा. नावाचे पैसे मिळतात तेव्हा नावावर काहीतरी चढत असतं.

आणि चुकून अडकलंच, तर लपवू नका. संचालकाला लेखी राजीनामा देता येतो आणि तो स्वतः निबंधकाला कळवताही येतो. पण राजीनाम्याआधीच्या काळात जे घडलं त्याची जबाबदारी उरते, म्हणून उशीर करू नका आणि जाणकार वकील किंवा सीए यांना भेटा.

माझ्या विद्यार्थ्याने तेच केलं. राजीनामा दिला, पोलिसांत लेखी तक्रार दिली. तरी हिशेब न भरलेल्या कंपनीचा संचालक म्हणून पाच वर्षांची अपात्रता त्याच्या नावापुढे लागलीच आहे. त्याला स्वतःचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान पुढेमागे कंपनी करून वाढवायचं होतं. ते आता थांबलंय. मालक कोण, हे अजून कोणी त्याला सांगितलेलं नाही.

परवा तो पुन्हा शाळेत आला होता, नववीच्या वर्गासमोर बोलायला. मीच बोलावलं होतं. बोलताना अडखळला, पण मुलं शांत बसून ऐकत होती. शेवटी एका मुलीने विचारलं, "दादा, तुम्ही सही करताना वाचलं का नाही?" तो म्हणाला, "इंग्रजीत होतं. आणि विचारायची लाज वाटली."

तुमच्या वर्गात हा विषय घेतलात तर मुलांनी काय प्रश्न विचारले ते जरूर कळवा. आणि त्यांना एवढं मात्र शिकवूया की, सही करण्याआधी विचारायची लाज वाटून घ्यायची नाही.